द्राक्षमद्याच्या मुलखांतील दोन दिवसांचा प्रवास : बागाईतदारानें तो कसा आंखावा

नाशिक जिल्ह्यांतील वाइनऱ्या पाहण्यास जावें, अशी इच्छा अलीकडे पुष्कळ बागाईतदार बोलून दाखवितात. कोणाच्या मुलानें मुंबईच्या मित्रांबरोबर तिकडे दोन दिवस काढलेले असतात, कोणास वाइनच्या द्राक्षांचा करार करण्याविषयीं विचारणा झालेली असते, आणि कोणास केवळ कुतूहल असतें. हेतु कोणताहि असो, परत आलेल्या मंडळींस ‘काय पाहिलें?’ म्हणून विचारलें तर उत्तर बहुधा एकच मिळतें : जागा सुंदर आहे, धरणावरचा सूर्यास्त पाहण्यासारखा आहे, आणि जेवण महाग आहे. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु ज्याच्या स्वतःच्या शेतांत द्राक्षाचे वेल उभे आहेत, त्यानें दोन दिवस आणि गाडीभाडें खर्चून एवढेंच घेऊन परत यावें, हें आम्हांस बरें वाटत नाहीं. म्हणून हा प्रवास कोणत्या दिवसांत करावा, किती ठिकाणें पाहावीं, तेथें काय विचारावें आणि कोठें काय जेवावें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

प्रथम मुलूख ओळखून घ्यावा. नाशिकचें द्राक्ष जुनें असलें तरी तेथील वाइनचा धंदा फार जुना नाहीं. महाराष्ट्रांत या धंद्याचा पहिला मोठा प्रयत्न १९८० नंतरच्या दशकांत पुणें जिल्ह्यांतील नारायणगांव येथें शामराव चौगुले यांनीं केला. तेथील फसफसणारी वाइन ‘ओमर खय्याम’ या नांवानें परदेशींहि गेली. नाशिकजवळ गोवर्धन शिवारांत राजीव सामंत यांनीं कॅलिफोर्नियांतून परत आल्यावर ‘सुला’ काढली, व तिची पहिली वाइन २००० सालीं बाजारांत आली. २००१ सालीं राज्य सरकारनें द्राक्षप्रक्रिया उद्योगाचें धोरण जाहीर केलें. नाशिक जिल्ह्यांत विंचूर व सांगली जिल्ह्यांत पलूस या ठिकाणीं वाइन पार्क निघाले, आणि पुढील सात-आठ वर्षांत वाइनऱ्यांची संख्या व वाइनच्या द्राक्षांची लागवड हीं दोन्ही झपाट्यानें वाढलीं. मग २००८-०९ ची मंदी आली. टाक्या भरलेल्या राहिल्या, नवा माल घेण्यास कित्येक वाइनऱ्यांनीं असमर्थता दाखविली, आणि अनेक शेतकऱ्यांनीं हातानें लावलेल्या बागा हातानेंच काढून टाकल्या. हा इतिहास सूर्यास्त पाहतांना कोणी सांगत नाहीं. तो आपण बरोबर घेऊन जावा.

जिल्ह्यांतील पाहण्याजोगीं ठिकाणें चार बाजूंस विखुरलेलीं आहेत. पहिली बाजू गंगापूर धरणाची. शहरापासून अगदीं जवळ, गोवर्धन व गंगाव्हरें या शिवारांत सुला, यॉर्क व सोमा या वाइनऱ्या एकमेकींपासून थोड्या अंतरावर आहेत. प्रवाशांची खरी गर्दी येथेंच असते, कारण वाइन चाखविण्याची स्वतंत्र जागा काढण्याची रीत सुलानें २००५ सालीं येथें पाडली. दुसरी बाजू इगतपुरीची. मुकणें धरणाच्या आसपास कावनई येथें व्हॅलोने ही लहान वाइनरी, व सांजेगांव येथें ग्रोव्हर झांपा. तिसरी बाजू दिंडोरीची, जेथें शांदों या फ्रेंच घराण्याची फसफसणाऱ्या वाइनची वाइनरी आहे. चौथी निफाड-विंचूरची. ही चौथी बाजू देखाव्याच्या दृष्टीनें साधी, म्हणून सहलीच्या मंडळींकडून वगळली जाणारी. परंतु द्राक्षाचा खरा संसार पाहावयाचा तर तो याच काळ्या जमिनींत पाहावा लागतो.

ऋतूची निवड.— फ्रान्स-इटलींत वेल हिंवाळ्यांत निजतो आणि द्राक्षें ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत उतरतात. आपल्याकडे वेल निजत नाहीं. त्यास आपणच दोन छाटण्यांनीं वळण लावतों. एप्रिलांत खरड छाटणी, पावसाळा सरतां सरतां गोडी छाटणी, आणि जानेवारीपासून मार्चपर्यंत तोडणी, हा क्रम वाचकांस सांगावयास नको. सांगावयाचें एवढेंच कीं, प्रवासाची तारीख या क्रमावरून ठरवावी, मुलांच्या सुट्टीवरून नव्हे. पावसाळ्यांत तो मुलूख हिरवागार दिसतो व मुंबईची मंडळी त्या दिवसांत हटकून जातात. पण त्या वेळीं वेलावर घड नसतो, टाकींत रस नसतो, आणि वाटाड्या जें सांगतो तें सर्व ऐकीव म्हणूनच घ्यावें लागतें. एप्रिल-मे मध्यें छाटलेले ओलांडे तेवढे दिसतात. जानेवारीचा उत्तरार्ध ते मार्चचा पहिला आठवडा हाच आपला काळ. त्यांतहि पांढऱ्या वाइनचीं द्राक्षें, म्हणजे सोव्हिन्यों ब्लां व शेनां ब्लां, सामान्यतः आधीं उतरतात, आणि शिराझ, कॅबर्ने यांसारखीं काळीं मागाहून. फेब्रुवारीचा मध्य धरला तर एकींकडे पांढऱ्याचा रस टाकींत फसफसत असलेला व दुसरीकडे काळ्याचे क्रेट काट्यावर चढत असलेले, असें दोन्ही एकाच फेरींत दिसण्याचा संभव अधिक.

अडचण एवढीच कीं, याच दिवसांत आपल्या स्वतःच्या बागेचीहि घाई असते. ज्यांची तोडणी मार्चांत आहे त्यांनीं फेब्रुवारी गांठावा. ज्यांचा माल लवकर उतरतो त्यांनीं फेब्रुवारीअखेर जावें. घरांतील एक माणूस बागेंत ठेवून दुसऱ्यानें जाणें हें उत्तम. दोघांनीं मिळून बाग उघडी टाकून जाण्याइतका हा प्रवास मोलाचा नाहीं.

वारहि पाहावा. शनिवार-रविवारीं गंगापूरच्या बाजूस इतकी वर्दळ असते कीं, वाइनरींतील माणसास आपल्याशीं दोन शब्द बोलण्यास सवड नसते. मंगळवार-बुधवार उत्तम. तसेंच सरकारनें मद्यविक्रीस बंद ठरविलेले दिवस आधीं पाहून घ्यावे. २६ जानेवारी हा ऐन हंगामांतील असा दिवस आहे, आणि सुट्टी म्हणून नेमके त्याच दिवशीं जाणारे लोक कोरडे परत येतात. सिंहस्थाच्या पर्वकाळांत, म्हणजे २०२७ च्या श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास, नाशिक-त्र्यंबकच्या रस्त्यानें वाइनरी पाहण्याचा विचारच करूं नये.

दोन दिवस कसे घालवावे.— आमचा सल्ला असा कीं, दोन दिवसांत तीन वाइनऱ्या पाहाव्या, चौथी पाहूं नये. सहा-सात पाहून आलेल्या मंडळींस दुसरीनंतरच्या सगळ्या टाक्या सारख्याच दिसलेल्या असतात. तीन पाहावयाच्या त्याहि निरनिराळ्या प्रकारच्या : एक मोठी, एक लहान, आणि एक अशी कीं जेथें आपल्यासारख्या शेतकऱ्यांचा माल विकत घेतला जातो.

मुंबई-ठाण्याकडून येणाऱ्यांस इगतपुरी वाटेवर पडते. २०२५ च्या जूनमध्यें समृद्धि महामार्गाचा इगतपुरी ते आमणें हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून कसाऱ्याच्या घाटाचा वेळहि वांचतो. सकाळीं निघून दहाच्या आंत कावनई किंवा सांजेगांव गांठावें, बाग व कारखाना पाहावा, दुपारचें जेवण तेथेंच किंवा वाटेंत करावें, आणि मग नाशिक. ज्यांस देवदर्शनाची आवड आहे त्यांनीं कावनईचें कपिलधारा तीर्थहि पाहून घ्यावें. वेळ फार मोडत नाहीं. मुक्कामीं पोहोंचल्यावर तासभर विश्रांति घेऊन चारच्या सुमारास गंगापूरच्या बाजूची एक मोठी वाइनरी पाहावी. येथें सूर्यास्तहि आपोआप पदरांत पडतो, त्याबद्दल वेगळी यातायात नको. रेल्वेनें येणाऱ्यांनीं नाशिकरोडवर उतरून भाड्याची मोटार चालकासह ठरवावी. या वाइनऱ्या एस. टी. च्या वाटेवर नाहींत, आणि रिक्षावाला परतीच्या भाड्यासह पैसे मागतो तें त्याच्या दृष्टीनें रास्तच आहे.

पुण्याकडून येणारांस इगतपुरी आडवळणीं पडते. त्यांनीं नारायणगांव, संगमनेर, सिन्नर या मार्गानें येऊन पहिल्या दिवशीं केवळ गंगापूरची बाजू धरावी व इगतपुरीऐवजीं तेथीलच एक लहान वाइनरी पाहावी. निघण्यापूर्वीं एक दिवस हातीं असेल तर मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रांत जाऊन वाइनचे वाण व खुंट यांची चौकशी करावी. १९९७ सालीं स्थापन झालेलें हें केंद्र आपल्याच करांतून चालतें, आणि तेथील माणसास माल विकावयाचा नसल्यामुळें त्याचें सांगणें अधिक निर्मळ असतें.

दुसऱ्या दिवशीं पहांटे उठून निफाडकडे निघावें. थंडीचें कपडे अवश्य घ्यावे. निफाडचा पारा महाराष्ट्रांत सर्वांत खालीं उतरल्याची बातमी दरवर्षीं आपण वाचतोंच. पहांटेचा आग्रह धरण्याचें कारण असें कीं, वाइनचें द्राक्ष ऊन चढण्यापूर्वीं तोडतात. घड गरम झाला तर रस वाटेंतच कुजबुजूं लागतो, आणि मग टाकी थंड करण्यास वीज अधिक लागते. सकाळीं आठच्या सुमारास वजनकाट्याशेजारीं अर्धा तास उभें राहणें हा या सबंध प्रवासांतील सर्वांत मोलाचा अर्धा तास होय. त्याविषयीं खालीं सविस्तर लिहितों. तेथून मोकळें झाल्यावर पक्ष्यांची आवड असेल तर नांदूरमध्यमेश्वरचा जलाशय जवळच आहे. २०२० सालीं त्यास रामसर स्थळाचा मान मिळाला. महाराष्ट्रांतील तें पहिलें रामसर स्थळ. पिंपळगांव बसवंतच्या बाजारांत खाण्याच्या द्राक्षाचा त्या दिवसाचा भाव विचारून घ्यावा व वहींत टिपावा. त्याचा उपयोग पुढें होईल. दिंडोरीची बाजू पुढच्या खेपेस ठेवावी.

निघण्यापूर्वीं दूरध्वनि करून तीन गोष्टी विचाराव्या : त्या दिवशीं तोडणी व गाळप चालू आहे काय, बागेंत हिंडूं देतात काय, कीं केवळ चाखण्याच्या खोलींतच बसवितात, आणि आपण बागाईतदार आहोंत हें कळल्यावर शेतीकडे पाहणारा कोणी माणूस भेटूं शकेल काय. हा तिसरा प्रश्न विचारण्याची लाज वाटूं देऊं नये. वाटाड्या म्हणून जो तरुण किंवा जी तरुणी येते ती शहरी पाहुण्यांच्या सोयीनें शिकलेली असते. खुंट कोणता, दोन ओळींत अंतर किती, भुरीवर काय मारलें, या प्रश्नांस तिच्याकडे उत्तर नसतें, आणि त्यांत तिचा दोष नाहीं.

काट्याजवळ काय पाहावें.— खाण्याच्या द्राक्षांत आपण मणि फुगवितों. जिबरेलिक आम्लांत घड बुडवितों, विरळणी करतों, अठरा मिलिमीटरची गोटी मिळावी म्हणून जिवाचें रान करतों. वाइनच्या द्राक्षांत हें सर्व उलटें आहे. मणि लहान, साल जाड, आंत बी. आणि एकरी उत्पन्न मुद्दाम कमी ठेवलेलें, कारण वेलावर भार वाढला कीं रस पातळ होतो. खाण्याचें थॉम्सन सोळा-अठरा ब्रिक्सवर उतरलें तरी चालतें. वाइनचें द्राक्ष वीस ते चोवीसपर्यंत वेलावरच ठेवावें लागतें. साखरेचा सुमारें निम्म्याहून थोडा अधिक आंकडा मद्यार्काचा होतो, म्हणजे बावीस ब्रिक्सपासून बारा टक्के, हा वाइनरीवाल्यांचा ठोकताळा आहे. म्हणून तेथें भाव केवळ वजनावर नसतो, गोडीवर असतो. आणि गोडी मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर कोणाच्या हातांत आहे, हा प्रश्न तराजूइतकाच महत्त्वाचा ठरतो.

बहुतेक द्राक्षबागाईतदारांच्या खिशांत हें उपकरण असतेंच. तें बरोबर न्यावें. काट्याशीं नमुना कसा घेतात तें पाहावें : वरच्या क्रेटांतील चार मणि चिरडून, कीं प्रत्येक क्रेटांतून थोडे घेऊन? उन्हाकडील घड व सावलींतील घड यांत दोन अंशांचा फरक सहज पडतो, आणि त्या दोन अंशांवर शेतकऱ्याच्या सबंध वर्षाचा हिशेब वरखालीं होतो. माल आणणारा शेतकरी तेथें भेटलाच तर त्याच्याशीं बोलावें, पण व्यवस्थापकाच्या समोर नव्हे, चहाच्या टपरीवर. तोडणीवर बहुतेक बायका असतात. आपल्याबरोबर घरांतील बायका असल्यास त्यांनीं या बायकांशीं मजुरीविषयीं, क्रेटामागें दर मिळतो कीं रोजानें, याविषयीं बोलावें. पुरुषांस जें अर्ध्या दिवसांत कळत नाहीं तें त्यांस घटकाभरांत कळतें.

ज्यास करार करावयाचा आहे त्यानें कराराची कोरी प्रत मागून घ्यावी. प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसूल खात्याच्या कागदांत गेलें असल्यामुळें या बाबतींत थोडें अधिकारानें लिहिण्यास हरकत नाहीं. कागदांत पुढील गोष्टी शोधाव्या. मुदत किती वर्षांची आहे. कारण वेल पहिलें पूर्ण पीक देण्यास दोन-तीन वर्षें घेतो, आणि करार त्याआधींच संपत असेल तर तो करार नव्हे. भाव आंकड्यांत लिहिला आहे कीं ‘त्या वेळीं ठरेल त्याप्रमाणें’ असा आहे. ब्रिक्स कमी पडल्यास कपात किती, व कोणत्या मर्यादेखालीं माल अजिबात नाकारतां येतो. तोडणीची तारीख कोण ठरवितो, आणि त्याच्या सांगण्यावरून माल वेलावर थांबविला असतां अवकाळी पाऊस आला तर नुकसान कोणाचें. वाहतूक कोणाची. पैसे किती दिवसांत. आणि सर्वांत शेवटीं, पण सर्वांत आधीं वाचावें असें कलम : वाइनरीनें एखाद्या वर्षीं माल उचललाच नाहीं तर काय.

या शेवटच्या कलमाचें महत्त्व ज्यांनीं २००८ नंतरचीं वर्षें पाहिलीं त्यांस पटवावें लागत नाहीं. थॉम्सनचा भाव पडला तर आपण तें दुसऱ्या बाजारांत नेतों, बेदाणा करतों, अगदींच नाइलाज झाला तर हातगाडीवर विकतों. शिराझचा बारीक, बियांचा, जाड सालीचा घड कोणत्याहि बाजार समितींत कोणी विचारीत नाहीं. त्यास गिऱ्हाईक एकच, आणि त्या गिऱ्हाइकानें पाठ फिरविली तर माल वेलावरच सुकतो. उलट बाजूहि सांगितली पाहिजे. करार चांगला असेल व घेणारा पत राखणारा असेल तर भाव आधीं ठाऊक असतो, गोटीच्या मापाची व निर्यातीच्या तपासणीची धास्ती नसते, विरळणी-बुडवणीची मजुरी वांचते. कित्येक शेतकरी वर्षानुवर्षें याच मालावर सुखानें आहेत. म्हणून वाइनचें द्राक्ष चांगलें कीं वाईट, असा प्रश्नच नाहीं. कागद चांगला कीं वाईट, एवढाच आहे.

चाखण्याची रीत.— बहुतेक ठिकाणीं पांच-सहा प्रकार थोडे थोडे चाखावयास देतात. घोट सुमारें तीस मिलिलिटरचा धरला तर पांच प्रकारांचें दीडशें मिलिलिटर होतें, म्हणजे एक भरलेला पेला. तेरा टक्क्यांच्या हिशेबानें त्यांत शुद्ध मद्यार्क सुमारें पंधरा ग्रॅम. दोन वाइनऱ्यांत याच्या दुप्पट. घोट लहान म्हणून मोजणी लहान होत नाहीं. आपला मोटार कायदा शंभर मिलिलिटर रक्तांत तीस मिलिग्रॅमच्या पुढें मद्यार्क सांपडल्यास चालकास गुन्हेगार ठरवितो. म्हणून चालकानें काहीं चाखूं नये, ‘एकच घोट’ हेंहि नको, आणि चालक भाड्याचा असेल तर त्याच्या जेवणाची सोय प्रथम पाहावी. वाइन पिण्यास महाराष्ट्रांत वयाचीं एकवीस वर्षें पूर्ण असावीं लागतात, व १९४९ च्या दारूबंदी कायद्याखालीं परवाना लागतो. तो एक दिवसाचाहि मिळतो. मुलांस बरोबर न्यावें, बाग दाखवावी, खोलींत नेऊं नये.

चाखतांना क्रम पाळावा : फसफसणारी आधीं, मग पांढरी, मग काळी, आणि गोड सर्वांत शेवटीं. त्यापूर्वीं तासभर तंबाखू, सुपारी, कडक चहा वर्ज्य करावा. नाहींतर सर्व प्रकार सारखेच कडवट लागतात आणि दोष वाइनला मिळतो. प्रथम वास घ्यावा, मग घोट तोंडांत फिरवावा, आणि शेजारीं ठेवलेल्या तस्तांत टाकून द्यावा. थुंकणें तेथें असभ्य मानीत नाहींत. धंद्यांतले जाणते लोक दिवसभर हेंच करतात. चाखून काय ओळखावयाचें तर तीन गोष्टी : आंबटपणा जिभेच्या कडेस किती झोंबतो, तुरटपणा हिरड्यांस किती धरतो, आणि गोडी मागें राहते कीं नाहीं. वाटाड्या पेरू, लिची, मिरीं असले वास सांगेल. ते आले तर आनंद, न आले तर लाजावयाचें कारण नाहीं. आपली जीभ द्राक्षावर वाढलेली आहे. कच्च्या सालीचा तुरटपणा आणि पिकल्या सालीचा तुरटपणा यांतला फरक तिला जितका कळतो तितका पुष्कळ पाहुण्यांस कळत नाहीं.

आपल्यांतील अनेक सभासद माळकरी आहेत, आणि ‘आम्ही तेथें जावें काय?’ असा प्रश्न ते संकोचानें विचारतात. २०२२ च्या जानेवारींत मोठ्या दुकानांतून वाइन विकूं देण्याचा निर्णय मंत्रिमंडळानें घेतला तेव्हां जो वाद उठला तो सर्वांस आठवत असेल; त्या वादांत येथें शिरण्याचें कारण नाहीं. आमचें मत असें कीं, बाग, काटा, टाकी व करार हीं पाहण्यास पेला हातीं धरण्याची गरज नाहीं. वास घेऊन पेला खालीं ठेवणारास तेथें कोणी आग्रह करीत नाहीं. उलट बाजूनें, वाइन ही प्रकृतीस हितकर, तें औषधच आहे, असें कोणी सांगूं लागल्यास तेंहि मानूं नये. मद्याचें कोणतेंहि प्रमाण प्रकृतीस निर्धोक म्हणतां येत नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं स्पष्टपणें जाहीर केलें आहे. ज्यास प्यावयाची आहे त्यानें चवीसाठीं प्यावी, औषधाचें निमित्त करूं नये.

जेवण.— दोन दिवसांत एक जेवण वाइनरीच्या भोजनगृहांत घ्यावें, बाकीचीं गांवांत. त्या एका जेवणास खर्च येईल, जागा आधीं राखून ठेवावी लागेल, आणि ताटाऐवजीं बशींत थोडें थोडें येईल. तरी तें टाळूं नये. कारण आपल्या मालाचा प्रवास त्या टेबलावर संपतो. भोजनपत्रिका हातीं आली कीं वाइनच्या बाटलीची किंमत पाहावी आणि वहींत एक हिशेब मांडावा. एका टन द्राक्षापासून सुमारें सहाशें ते सातशें लिटर वाइन निघते, म्हणजे साडेसातशें मिलिलिटरच्या आठशें ते सव्वानऊशें बाटल्या. एका बाटलींत द्राक्ष पडलें सव्वा किलोच्या आंतच. काट्यावर ऐकलेला किलोचा भाव सव्वापट करा, आणि तो आंकडा पत्रिकेवरील किंमतीच्या शेजारीं लिहा. प्रथम हसूं येईल, मग राग येईल. दोन्ही शमल्यावर मधल्या गोष्टी एकेक करून मांडाव्या : थंड ठेवणाऱ्या पोलादी टाक्या, परदेशाहून आणलेलीं ओक लांकडाचीं पिंपें, बाटली, बूच, सरकारचा कर, दुकानदाराचा व भोजनगृहाचा नफा, आणि काळ्या वाइनमध्यें वर्ष-दीड वर्ष अडकून पडलेलें भांडवल व त्याचें व्याज. एवढें सर्व वजा केल्यावर जो फरक उरतो त्याविषयीं मग वाइनरीच्या माणसाशीं समजून-उमजून बोलतां येतें, आणि भाव ठरवितांना आपलें बोलणें नुसतें गाऱ्हाणें राहत नाहीं. पिंपळगांवांत टिपलेला खाण्याच्या द्राक्षाचा भाव येथें शेजारीं ठेवावा. मात्र एकरी उत्पन्न व एकरी खर्च हे दोन्ही घेतल्यावांचून नुसत्या भावाशीं भाव ताडूं नये.

दुसरी गोष्ट त्याच टेबलावर पाहावी : शेजारच्या टेबलावरील मंडळी काय खात आहेत व काय पीत आहेत. युरोपांत वाइन जेवणाबरोबर पितात, आपल्याकडे मद्य जेवणाआधीं पिण्याची संवय. वाइन जोंवर आपल्या जेवणाशीं जमत नाहीं तोंवर तिचा खप थोडा राहणार, आणि खप थोडा तर आपल्या द्राक्षास मागणीहि थोडी. म्हणून तिखटाशीं काय जमतें हा प्रश्न शेतकऱ्याच्याहि हिताचा आहे. तुरट काळी वाइन झणझणीत रश्शाबरोबर घेतली तर तिखट दुप्पट झोंबतें. किंचित गोडसर, थंडगार शेनां ब्लां त्यास शमविते. काळ्या मसाल्याच्या मटणास, तिखट बेताचें असेल तर, शिराझ चांगली. वांग्याच्या भरतास सोव्हिन्यों ब्लां चालते. श्रीखंडाबरोबर कोरडी वाइन घेतल्यास ती नुसती आंबट लागते. पदार्थाहून वाइन गोड असावी हा नियम.

गांवांतील जेवणाविषयीं फार लिहावयास नको. सकाळची न्याहारी मिसळीची करावी. नाशिकची मिसळ पापडासह येते, आणि शहराबाहेर मखमलाबाद-गंगापूरच्या बाजूस चुलीवरची मिसळ देणारीं ठिकाणें आहेत. परंतु ज्या सकाळीं चाखण्यास जावयाचें त्या सकाळीं मिसळ नको, पोहे बरे. तिखटानें बधिर झालेल्या जिभेस पुढें दोन तास काहीं कळत नाहीं. निफाडच्या बाजूस दुपारीं भाकरी-पिठलें मिळेल तेथें जेवावें.

परत येतांना बाटली विकत घेतल्यास पावती जपून ठेवावी. नाशिकहून सापुताऱ्याकडे जाण्याचा मोह ज्यांस होतो त्यांनीं ध्यानांत धरावें कीं, सापुतारा गुजरातेंत आहे व तेथें दारूबंदी आहे; गाडींत बंद बाटली सांपडली तरी गुन्हा होतो. घरीं आणलेली बाटली स्वयंपाकघरांतील फळीवर किंवा पत्र्याच्या खोलींत ठेवूं नये, उन्हाळ्यांत ती बिघडण्यास वेळ लागत नाहीं. लांकडी बुचाची असेल तर आडवी ठेवावी, म्हणजे बूच ओलें राहतें; फिरकीच्या झांकणाची असेल तर उभी चालते. एकदां उघडली कीं शीतकपाटांत ठेवून तीन-चार दिवसांत संपवावी.